लिम्फोमा परत आला तर: पुढचं औषध सुरू होण्याआधी आणि नंतर

मी मिरजेत केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर आहे. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, विटा, वरून कराड-पाटणकडूनही पेशंट येतात. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, पहिल्यांदा कळतो तेव्हा घरचे घाबरलेले असतात, पण सांगू ते सगळं ऐकतात. तोच आजार परत आला, किंवा औषधाला दाद देईनासा झाला, की घाई सुरू होते. "सिस्टर, मागच्या वेळी ज्यानं गाठी विरल्या तेच द्या की परत. आजच लावा." ही घाई मला कळते. तरी सांगते, परत आलेल्या लिम्फोमात औषधांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. आधी काय दिलं यावर पुढं काय देता येईल ते ठरतं. म्हणून दुसऱ्या फेरीची पहिली सलाईन चढण्याआधीचे थोडे दिवस नीट वापरायचे.

याला एक अपवाद आहे. चेहरा-मान सुजली असेल, आडवं झाल्यावर श्वास लागत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा पायातली ताकद अचानक गेली असेल, तर थांबू नका. तातडीनं दवाखाना गाठा, बाकीची कागदपत्रं नंतर जमवता येतात.

आधी तुकडा, मग औषध

पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली म्हणजे लिम्फोमाच परतला असं नाही. आपल्याकडं टीबीच्या गाठीही तशाच चमकतात. कधी संथ चालणारा फॉलिक्युलर लिम्फोमा रूप बदलून आक्रमक झालेला असतो, मग औषधही बदलतं. कधी पेशींवरची खूणच निघून गेलेली असते. रिटक्सिमॅब सीडी२० ही खूण धरून काम करतं. ती खूण उरली नसेल, तर तेच इंजेक्शन परत देऊन हाती फारसं लागत नाही.

त्यामुळं जमेल तिथं गाठीचा तुकडा परत काढून तपासायला हवा, म्हणजे बायोप्सी करायला हवी. बारीक सुईनं नुसत्या पेशी ओढून हे काम भागत नाही. जाड सुईनं काढलेला तुकडा किंवा शक्य असेल तर पूर्ण गाठ लागते. तुकडा काढायच्या आधी कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यानं गाठ तात्पुरती आक्रसते, रिपोर्ट गढूळ येतो आणि आठवडे वाया जातात.

रिपोर्टमध्ये सीडी२०, सीडी१९ आणि सीडी३० यांच्यापुढं काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. पुढची बरीचशी महागडी औषधं याच खुणांवर बेतलेली आहेत. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट चालत नाही. लॅबकडं अर्ज करून जुने आणि नवे दोन्ही ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका.

फाइलचं पहिलं पान

मी प्रत्येक घराला एक कोरा कागद देते आणि चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहायला लावते. मूळ निदान आणि तारीख. कोणती केमो, किती सायकल. शेवटची सायकल कधी संपली. गाठ परत कधी दिसली.

शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर डॉक्टर सगळ्यात आधी बघतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. त्यात पहिल्या उपचारानंतर १२ महिन्यांच्या आत आजार परतला की तो जास्त चिवट धरला जातो आणि रस्ता वेगळा निवडला जातो. केमो चालू असतानाच गाठ वाढली असेल, तर तेही स्पष्ट लिहा.

"तेच परत द्या" का चालत नाही, त्याचं उत्तरही याच कागदावर असतं. आर-चॉप ही या आजारातली नेहमीची पहिली केमो. त्यातलं लाल रंगाचं औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते हृदयाच्या स्नायूवर साचत जातं, म्हणून जन्मभरात किती घ्यायचं याला मर्यादा आहे. शरीराच्या दर चौरस मीटरमागं साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. सहा सायकलमध्ये त्यातले ३०० संपलेले असतात. दुसरं कारण चिवटपणाचं. द्राक्षावर एकच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा मारलं की भुरी त्याला जुमानत नाही, हे तासगावच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. पहिल्या केमोतून वाचलेल्या पेशींचंही तसंच असतं.

फाइलमध्ये टू-डी एको, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट आणि हिपॅटायटिस बीची तपासणी असायलाच हवी. रिटक्सिमॅबमुळं शरीरात दबून बसलेली कावीळ उसळू शकते, म्हणून नुसती एचबीएसएजी न करता अँटी-एचबीसीही करतात. पेशंट तरुण असेल आणि मुलं व्हायची असतील तर वीर्य किंवा बीज गोठवून ठेवण्याबद्दल आत्ताच विचारा. हा विषय घरात कोणी काढत नाही आणि सलाईन सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो.

डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न

पहिला: हे औषध आजार घालवण्यासाठी आहे की आवरून धरण्यासाठी? दोन्ही उत्तरं योग्य असू शकतात. ७८ वर्षांच्या आजींना आवरून धरणारं औषध बरं, विट्याच्या कॉलेजच्या पोराला घालवणारं. पण उत्तर माहीत नसताना कर्ज काढू नका, जमीन विकू नका.

दुसरा: यानंतर मूळपेशींचं ट्रान्सप्लांट किंवा कार-टी (पेशंटच्याच टी-पेशींना आजाराशी लढायला शिकवणारा उपचार) करायची वेळ आली, तर हे औषध त्याच्या आड येईल का? हा प्रश्न खास बेंडामस्टिनसाठी. औषध चांगलं आहे, बऱ्याच जणांना सोसतं, केस फारसे जात नाहीत. पण ते टी-पेशींना, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मारतं आणि कार-टी उपचार त्याच टी-पेशींपासून बनतो. कार-टीचा विचार असेल तर बहुतेक तज्ज्ञ पेशी गोळा होईपर्यंत बेंडामस्टिन टाळतात. पोलाटुझुमॅब हे नवं औषध अनेकदा बेंडामस्टिन आणि रिटक्सिमॅबच्या जोडीनं देतात, म्हणून पोलाटुझुमॅबचं नाव निघालं की हा प्रश्न हमखास विचारा.

डिफ्यूज लार्ज बी-सेल: रस्ता कसा ठरतो

आर-चॉपनं या आजाराचे साधारण ६० टक्के पेशंट बरे होतात. उरलेल्यांत आजार परततो किंवा हटतच नाही. वय आणि तब्येत साथ देत असेल, तर जुना आणि पक्का रस्ता असा: वेगळ्या औषधांची दोन-तीन सायकल केमो, पेट स्कॅन, आणि गाठी विरल्या असतील तर रक्त तयार करणाऱ्या स्वतःच्याच मूळपेशी वापरून ट्रान्सप्लांट. १९९५ साली 'पार्मा' नावाच्या अभ्यासानं दाखवलं की केमोला दाद देणाऱ्या पेशंटमध्ये नुसत्या केमोपेक्षा ट्रान्सप्लांटनं जास्त लोक जगतात. तेव्हापासून हाच रस्ता चालत आला.

मधल्या केमोची नावं कानावर पडतील: आर-आइस, आर-डीएचएपी, आर-जीडीपी. यांच्यात निकालाचा मोठा फरक नाही. जीडीपी डे-केअरमध्ये देता येते आणि त्रास थोडा कमी असतो, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी ती सोयीची पडते. शेजारच्या खाटेवर आइस चालू आहे आणि आपल्याला जीडीपी, म्हणजे आपल्याला हलकं औषध दिलं, असं समजू नका.

आता अवघड भाग. आजार वर्षाच्या आत परतला असेल किंवा पहिल्या केमोनं हटलाच नसेल, तर हा रस्ता बऱ्याच जणांना ट्रान्सप्लांटपर्यंत पोचवत नाही. २०१७ साली छापलेल्या 'स्कॉलर-१' या मोठ्या आढाव्यात, केमोला न जुमानणाऱ्या पेशंटपैकी पुढच्या औषधाला दाद देणारे २६ टक्केच होते. निम्मे पेशंट सहा महिन्यांच्या आसपास दगावले होते. हे आकडे मी लपवत नाही, कारण कार-टीचं महत्त्व त्यांच्याशिवाय कळत नाही. त्याच प्रकारच्या पेशंटना परदेशात 'झुमा-१' अभ्यासात कार-टी दिली, तेव्हा पाच वर्षांनी ४० टक्क्यांहून जास्त जण हयात होते. आता अशा लवकर परतणाऱ्या आजारात तब्येत आणि पैसा जमत असेल, तर ट्रान्सप्लांटची वाट न बघता थेट कार-टीचा विचार करतात.

कार-टीत होतं काय, तर रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्लेटलेट देताना असतं तसं मशीन असतं, काही तास लागतात. प्रयोगशाळेत त्या पेशींना सीडी१९ ओळखायला शिकवतात आणि वाढवतात. मग थोडी केमो देऊन त्या परत शिरेतून सोडतात. पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात आणि तेवढ्या काळात आजार आवरून धरणारं औषध लागतं. पेशी सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत जोराचा ताप, बीपी कमी होणं, कधी बोलताना अडखळणं, अक्षर बिघडणं, भ्रम होणं असा त्रास होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात भरती ठेवतात आणि नंतरही साधारण महिनाभर जवळपास राहायला सांगतात. सांगलीला लगेच परतता येत नाही, ते आधीच धरून चला.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या भारतीय कार-टीला, म्हणजे नेक्सकार१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ल्युकेमिया आणि लिम्फोमाचे पेशंट मिळून झालेल्या तिच्या चाचणीत सुमारे ७३ टक्के जणांनी दाद दिली. दाद देणं म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत लिम्फोमासाठीच्या पहिल्या कार-टीची नुसती किंमत ३,७३,००० डॉलर होती. भारतातली त्या मानानं पुष्कळ कमी आहे, तरी आकडा लाखांतच जातो. भरतीचा, आयसीयूचा, पुढच्या इंजेक्शनांचा खर्च त्यात धरला आहे का, ते लेखी विचारा.

ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब ही इंजेक्शनं पेशंटच्याच टी-पेशींना आजारी पेशींशी नेऊन भिडवतात. पेशी काढाव्या लागत नाहीत, आधीच तयार मिळतात. मात्र पहिले डोस पायरी-पायरीनं वाढवत, देखरेखीखालीच द्यावे लागतात.

बाकीचे प्रकार थोडक्यात

हॉजकिन परत आला तरी धीर सोडू नका. यात दुसऱ्या फेरीतही बरे होणारे पुष्कळ आहेत. केमो आणि ट्रान्सप्लांट आहेच, शिवाय सीडी३० वर काम करणारं ब्रेंटुक्सिमॅब आणि शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारी निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब आहेत. निवोलुमॅब आपल्या देशात काही ठिकाणी कमी मात्रेत देऊन चांगले निकाल आले आहेत आणि खर्चही बराच उतरतो. तुमच्या पेशंटला चालेल का, ते विचारायला लाजू नका.

फॉलिक्युलरमध्ये आजार परतला तरी लगेच औषध लागतंच असं नाही. त्रास नसेल तर काही काळ नुसतं लक्ष ठेवतात. लागलं तर लेनालिडोमाइड आणि रिटक्सिमॅबची जोडी चांगली चालते. लेनालिडोमाइडच्या भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूल परवडण्याजोग्या आहेत. मँटल सेलमध्ये इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिबसारख्या गोळ्या असतात.

सलाईनच्या दिवशी आणि घरी गेल्यावर

रिटक्सिमॅब पहिल्यांदा हळू चालवतात. थंडी वाजणं, अंगावर गांधी, घशात अडकल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं की बेल दाबा. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सिस्प्लॅटिन किडनीवर जातं, म्हणून भरपूर सलाईन देतात. लघवी मोजून लिहा. कानात आवाज येऊ लागले तर सांगा. आयफॉस्फामाइड चालू असताना लघवी लाल झाली, किंवा पेशंट असंबद्ध बोलू लागला, झोपेत गेल्यासारखा झाला, तर "दमलाय" म्हणून सोडू नका, लगेच बोलवा. जास्त मात्रेचं सायटाराबिन असेल तर डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला. ब्रेंटुक्सिमॅब आणि पोलाटुझुमॅबनं हातापायांना मुंग्या येतात. शर्टाची बटणं लावता येईनात, चप्पल पायातून निसटू लागली, तर पुढच्या डोसआधी सांगा. निवोलुमॅबसारख्या औषधाचा त्रास महिन्यांनंतरही उठतो. कोरडा खोकला, धाप, वारंवार जुलाब झाल्यास गावातल्या डॉक्टरांना आधी या औषधाचं नाव सांगा.

मोठ्या गाठी झपाट्यानं विरघळतात तेव्हा त्यांतून निघालेलं पोटॅशियम आणि युरिक अॅसिड रक्तात चढतं. त्यासाठी गोळी देतात, पाणी वाढवायला सांगतात. नातेवाईक प्रेमानं शहाळी घेऊन येतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, या दिवसांत ते विचारल्याशिवाय देऊ नका. इब्रुटिनिब चालू असेल तर पपनस टाळा, त्यानं रक्तातलं औषध वाढू शकतं. लेनालिडोमाइड घेणाऱ्यांनी गर्भ राहणार नाही याची पक्की काळजी घ्यायची. पोटरी एका बाजूनं सुजली तर तिथं रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. गुळवेलीचा काढा पूर्णपणे बंद. त्यानं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोत लिव्हरला आधीच काम कमी नसतं.

आता ताप. परतलेल्या लिम्फोमाच्या केमोत पांढऱ्या पेशी पहिल्या वेळेपेक्षा जास्त घसरतात. थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियसला पोचला की रात्र असो वा दिवस, निघायचं. पॅरासिटामॉल देऊन "उतरतोय का बघू" करायचं नाही. त्यानं आकडा उतरतो, जंतू तसेच राहतात. जतहून मिरज गाठायला दीड-दोन तास जातात. तेवढ्यात धोका वाढत असेल तर जवळच्या दवाखान्यात जाऊन "केमो चालू आहे, पेशी कमी आहेत, अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून आत्ताच सुरू करा" असं सांगा. हे वाक्य फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

पेशी वाढवायची इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. गावी नेताना बर्फाची पिशवी आणि इंजेक्शन यांच्यामध्ये कापड ठेवा. या इंजेक्शननं हाडं दुखतात, ते अपेक्षित आहे. पेट स्कॅन जवळ असेल तर हे इंजेक्शन कधी घेतलं ते सेंटरला सांगा, नाहीतर हाडांतला मगज उगाच चमकतो.

पेशी कमी असताना हळद पॉलिश, कडबा, शेणखत, गोठा यांपासून दूर राहायचं. तिथल्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि ते फुप्फुसात जाऊन बसतात. ताजं शिजवलेलं सगळं चालतं. बाहेरचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं, न धुतलेली द्राक्षं नकोत.

रक्त चढवायची वेळ आली तर हॉजकिन असेल, बेंडामस्टिन किंवा फ्लुडाराबिन घेतलं असेल, किंवा ट्रान्सप्लांट जवळ असेल, तर रेडिएशन दिलेली पिशवी लागते का ते विचारा. लहान गावात ही गोष्ट सुटून जाते.

पैसा आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. तुमची केमो कोणत्या पॅकेजमध्ये बसते, ते सलाईन सुरू होण्याआधी त्याच्याकडून बघून घ्या, कारण मंजुरी आधी लागते. चौकशीचा नंबर १५५३८८. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. महाग औषधांसाठी कंपनीची मदत योजना आहे का, हेही विचारा. नव्या औषधाची चाचणी कुठं सुरू आहे ते सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत बघता येतं.

मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभरात पोचवते. दवाखान्याच्या फॉर्मवर कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. टाटाच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, सोबत दवाखान्याची कागदपत्रं लागतात. टाटाच्याच खारघरच्या केंद्रात जायचं असेल तर दादरपर्यंत जायची गरज नाही, मुंबईच्या बसनं कळंबोलीला उतरलं की जवळ पडतं.

औषधं लागू पडेनाशी झाली तर

अशी वेळ काही घरांवर येते. तेव्हाही उपचार असतात: दुखणाऱ्या गाठीवर थोडं रेडिएशन, गोळ्यांची हलकी केमो, स्टेरॉइड, वेदना आणि धाप यांची औषधं. पॅलिएटिव्ह डॉक्टरांना शेवटच्या आठवड्यात न गाठता आजार परतल्यापासूनच भेटत राहावं, असं मी सगळ्यांना सांगते. पुण्याला वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, तिथं पेशंट आणि सोबत्याला पैसे लागत नाहीत. साताऱ्याकडून जाताना ते हायवेलगतच पडतं. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका. सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी द्या, दुखायची वाट बघू नका, आणि पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सोबत लिहून घ्या.